कडकनाथ म्हणून काळ्या कोंबड्या, गिनी फाउल म्हणून बटेर: 7,600 रुपयांचा माझा अनुभव

आधीच सांगते, रक्कम फार मोठी नाही, 7,600 रुपये. लोकांचे लाखो जातात. पण त्या 7,600 पायी आमच्या परसातल्या गावरान कोंबड्या गेल्या, सासूबाईंनी लग्न होऊन आल्यापासून एकाच वंशाच्या सांभाळलेल्या, बाहेरून कोंबडी कधी आणलीच नाही, फक्त कोंबडा तेवढा दोन-तीन वर्षांनी शेजारच्या वाडीतून बदलायचा. ते पैशात मोजता येत नाही म्हणून लिहायला बसलेय.

आम्ही पाटण तालुक्यातले. मागच्या दारी चिंचेखाली खुराडं, 14 कोंबड्या, 2 कोंबडे, शेजारी गोठा. गोठ्यात गोचीड फार आणि पावसाळ्यात सापाची भीती, तर कुणीतरी सांगितलं की गिनी फाउल पाळा, कोंबडीसारखाच ठिपक्याठिपक्यांचा पक्षी, ती गोचीड टिपून खातात आणि अनोळखी काही दिसलं की सगळी मिळून असा कालवा करतात की कुत्र्याची गरज नाही. हे खरंच आहे बरं का, त्यात खोटं काही नाही. आणि कडकनाथचं, म्हणजे आतून-बाहेरून काळ्या कोंबडीचं, वेड आमच्या धाकट्या दिराचं, धोनीने मध्य प्रदेशातल्या झाबुआवरून 2000 पिल्लं मागवल्याची बातमी आली तेव्हापासूनचं. 2019 ची इस्लामपूरकडची कडकनाथ भानगड आम्हाला माहीत होती, पिल्लं घ्या, अंडी आम्हीच विकत घेतो म्हणून शेतकऱ्यांकडून पैसे घेतले ते प्रकरण, आमच्या ओळखीतलेही त्यात अडकलेले. पण आम्हाला वाटलं की आपण कुठे तसली स्कीम घेतोय, 50 पिल्लं तर घ्यायचीत, यात कोण कशाला फसवेल.

व्हॉट्सअॅपच्या एका पोल्ट्री ग्रुपवर एकाचा व्हिडिओ आला होता. हिरवी शेडनेट, मागे निळा ड्रम आणि समोर काळ्याभोर कोंबड्या, पार तुऱ्यापर्यंत काळ्या. फोन केला तर बोलायला एकदम गोड, ताई ताई करत. कधी नगरचा सांगायचा, कधी नाशिकचा, ते पण तेव्हा लक्षात आलं नाही. म्हणाला ओरिजिनल झाबुआ लाइन, जीआय टॅगवाली (भौगोलिक मानांकनाची), आणि होलोग्राम असलेलं एक सर्टिफिकेट पाठवलं. आता हसू येतं, 2018 ला जीआय मिळाला तो झाबुआच्या कडकनाथच्या मांसाला, कुठल्याही हॅचरीवाल्याच्या पिल्लाच्या पायात तो बांधून येत नाही. कडकनाथ 80 रुपये नग, गिनी 150 रुपये नग, सगळी आठवड्याची आणि लासोटा (राणीखेत रोगाची लस) दिलेली. 50 कडकनाथ, 20 गिनी आणि गाडीभाडं 600. सगळे पैसे आधी, यूपीआयवर. "ताई जिवंत माल आहे, अर्ध्या पैशात गाडीत चढवता येत नाही." पटलं बाई आम्हाला.

जानेवारीची थंडी. पहाटे पाच वाजता उंब्रजच्या फाट्यावर ट्रॅव्हल्सच्या क्लीनरने भोकं पाडलेले दोन खोके खाली ठेवले आणि गाडी निघूनसुद्धा गेली, पावती नाही, बिल नाही, कुठल्या हॅचरीचा शिक्का नाही. घरी आणून तुसावर कागद अंथरून, वर बल्ब लावून, गूळपाणी पाजून पिल्लं सोडली. काळी पिल्लं छान होती, चोच काळपट, पाय काळपट, पोटाखाली मात्र पांढरट पिवळं. फोन केला. "ते दहा दिवसांत जातं ताई." गिनीची पिल्लं मात्र एवढीएवढीशी, माझ्या अंगठ्यापेक्षा थोडी मोठी, पिवळी आणि अंगावर तपकिरी पट्टे. फोन केला. "आफ्रिकेची जात आहे ताई, आधी बारीकच असतात, दोन महिन्यांत एकदम भरतात."

सासूबाईंनी त्यातलं एक पिल्लू ओंजळीत घेऊन उलटंसुलटं करून बघितलं आणि म्हणाल्या, "आगं ही कोंबडी न्हाय. आमच्या म्हायेरी हरभऱ्याच्या रानात असली लाव्हरं उडायची." लाव्हरं म्हणजे रानातली बटेर. मी म्हटलं आत्या, ही वेगळी जात आहे, तुम्हाला माहीत नसणार. हे वाक्य मला आजही टोचतं.

महिना गेला. काळ्यांचे तुरे फुटायला लागले ते काळे नाहीत, गुलाबी, मग लाल. परत फोन. "उष्णता झालीय, कांदा चिरून घाला." घातला की! किलोभर कांदा घातला आठवड्यात. आता कळतं की हा माणूस पिल्लं विकत नव्हता, दिवस ढकलत होता. त्याचं प्रत्येक उत्तर दहा दिवस थांबा, महिनाभर थांबा, दोन महिन्यांनी बघा, असंच. पिल्लू लहान असताना सामान्य माणसाला जात ओळखता येत नाही आणि ओळखता येईल तेवढं मोठं होईपर्यंत फोन स्विच ऑफ. खोटं बोलायला यापेक्षा सोयीचा माल दुसरा नसेल.

मग फेब्रुवारीअखेर एक दिवस सकाळी तूस बदलायला गेले तर कोपऱ्यात अंडं. बोराएवढं म्हणा, बदामी रंग, त्यावर शाई शिंपडल्यासारखे काळपट ठिपके. दुसऱ्या दिवशी तीन. पिल्लं जेमतेम सात आठवड्यांची! गिनी फाउलला अंड्यावर यायला सहा महिने तरी जातात, कोंबडीलासुद्धा पाच-सहा महिने लागतात, सहा-सात आठवड्यांत अंडं देणारी एकच, जपानी बटेर. बाजारात दहा-बारा रुपयाला पिल्लू मिळतं, आम्ही 150 ने घेतलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत, ती अंडी वाटीत घालून देवळीत ठेवली फक्त.

पण खरं नुकसान त्याच आठवड्यात सुरू झालं. काळी पिल्लं मोठी झाली म्हणून आम्ही त्यांना दहाएक दिवसांपूर्वी गावरानबरोबर बाहेर सोडायला लागलो होतो. आधी दोन काळ्या मलूल झाल्या, हिरवट पातळ हगवण, चोच उघडून श्वास, मग एकीची मान अशी वळली की डोकं पाठीकडे. मानमोडी, म्हणजे राणीखेत. बघितल्याबरोबर सासूबाई खालीच बसल्या. मेलेली एक घेऊन मी आणि दीर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी पत्र्याच्या टेबलावर ती फाडली, जठराची पिशवी उलगडून आतले लाल टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दाखवले, म्हणाले राणीखेतच आहे, लस झालेली दिसत नाही हिला. दिराने विचारलं, पण साहेब कडकनाथला रोग लवकर होत नाही म्हणतात ना? डॉक्टरांनी त्याच्याकडे बघितलं आणि छातीवरचं कातडं बोटाने बाजूला केलं. आत पांढरं गुलाबी मांस, कुठल्याही कोंबडीचं असतं तसं. "कडकनाथ कुठाय यात? कातडं, मांस, हाडाचं वेष्टन, जीभ, सगळं काळपट लागतं. ही ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प दिसतेय. पाय काळपट असतात म्हणून फसतात लोक, तळवा बघायचा, पांढरा असतो." जात वाईट नाही, अंड्याला चांगली आहे असंही म्हणाले, पण तेव्हा ते ऐकायच्या मनःस्थितीत कोण होतं.

एकाच टेबलावर दोन्ही खोटं उघडं पडलं, जात पण आणि लस पण. आणि आमचीही चूक तिथेच कळली. गावरानला गेल्या वर्षभरात आम्ही लस दिली नव्हती, गावरानला काही होत नाही या घमेंडीत, आणि बाहेरून आणलेले पक्षी महिनाभर तरी लांब ठेवायचे असतात ते ठेवले पण एकाच माणसाने, म्हणजे मीच, त्याच चपला घालून दोन्हीकडे खाद्य टाकलं. रोग नेमका कुठून आला ते डॉक्टरांनाही छातीठोक सांगता आलं नाही. बारा दिवसांत 50 पैकी 41 काळ्या आणि 14 पैकी 11 गावरान गेल्या. त्यात ती लाल मानेची, जी दरवर्षी खुडूक बसून दहा-बारा पिल्लं काढायची आणि घारीच्या अंगावर धावून जायची, ती पण. डालग्याखाली ठेवली होती, रात्रभर मान वळवत होती. सकाळी दिराने चिंचेच्या पलीकडे खड्डा काढून चुना टाकून पुरल्या सगळ्या. बटेरांना मात्र काही झालं नाही. त्यांना हा रोग सहसा एवढा बाधत नाही म्हणे, ती आपली खाऊन पिऊन अंडी देत होती.

त्या माणसाचा फोन तोवर बंद. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर फोन केला, तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली, पण पैसे गेल्या गेल्या काही तासांत कळवलं असतं तर खात्यावर अडवता येतात, दोन महिन्यांनी ते पुढे कुठे कुठे गेलेले असतात. शिवाय माल तर आलाय ना, म्हणजे ही सायबर फसवणूक की खराब मालाची तक्रार, यावरच अर्धा तास. मग ग्राहक हेल्पलाइन 1915. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, बिल आहे का. नव्हतं.

आता कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. पिल्लू हातात घेऊन चोच उघडा, जीभ आणि टाळा बघा, पिसं फुंकून खालचं कातडं बघा, पायाचा तळवा बघा. गिनीच्या पिल्लाची चोच आणि पाय लालसर नारिंगी असतात, आणि आकार कोंबडीच्या पिल्लाच्या जवळपास. परसातली गिनी सहसा मार्चनंतर पावसाळा संपेपर्यंतच अंडी देतात, अंडं उबायला 26 ते 28 दिवस, मग जानेवारीत एवढी पिल्लं आणली कुठून, हा प्रश्न मी विचारायला हवा होता. कडकनाथचं अंडं काळं असतं असं कुणी म्हणालं तर तिथूनच परत फिरा, ते बदामीच असतं. आणि पिल्लं घ्यायचीच तर सरकारी अंडी उबवणी केंद्रात चौकशी करा, खडकीला आहे, कोल्हापूरला आहे, नंबर लागायला वेळ लागतो, लागू दे. लस दिली म्हणणाऱ्याला तारीख विचारा आणि तरीही घरी आल्यावर दवाखान्यात विचारून आपली आपण द्या.

उरलेल्या तीन गावरानपैकी एक परवा खुडूक बसलीय. कोंबडा उरला नाही म्हणून नणंदेकडून नऊ अंडी आणून तिच्याखाली ठेवलीत.

आणि हो, मागच्या आठवड्यात दुसऱ्या एका ग्रुपवर असील जातीच्या कोंबड्यांच्या पिल्लांची जाहिरात आली. नाव वेगळं, नंबर वेगळा. पण शेडनेट तीच आणि मागे तोच निळा ड्रम, वरची कड तुटलेला. मी लिहिलं की या माणसाने आम्हाला फसवलंय. पाच मिनिटांत अॅडमिनने मला काढून टाकलं.