‘75 लिटर’ची सॅक : मंगल कार्यालयातील सेलमध्ये झालेली फसवणूक

धुळ्यातील एका मंगल कार्यालयात हिवाळ्याच्या तोंडावर ‘निर्यातीचा शिल्लक माल’ असा फलक लावून भरलेल्या सेलमधून मी आणि माझ्या भाच्याने ट्रेकिंगच्या दोन सॅक घेतल्या. दोन्हींवर ‘75 लिटर’ असे ठळक छापलेले होते, छापील किंमत 8,999 रुपये होती आणि आम्हाला त्या प्रत्येकी 2,400 रुपयांना मिळाल्या. स्वस्तातली वस्तू लवकर फाटली, एवढीच तक्रार असती तर हा मजकूर लिहिला नसता. येथे मापाबाबत सांगितलेली जवळजवळ प्रत्येक गोष्ट खोटी होती आणि उभ्या उभ्या खरेदी करणाऱ्या गिऱ्हाइकाला ती तपासता येऊ नये, अशी व्यवस्था केलेली होती.

आम्ही विक्रेत्याला गरज नेमकी सांगितली होती. तोरणमाळ परिसरात डिसेंबरमध्ये दोन रात्री उघड्यावर राहायचे, ताडपत्री, दोर, स्लीपिंग बॅग आणि चुलीवरच्या स्वयंपाकाची भांडी स्वतःच वाहायची, तर किती लिटरची सॅक पुरेल, असा आमचा प्रश्न होता. “भाऊ, 75 च्या खाली बघूच नका, नाहीतर अर्धं सामान हातात धरून चालाल,” असे म्हणून त्याने आत ॲल्युमिनियमची फ्रेम असल्याचे, ती कोणत्याही उंचीच्या माणसाला बसत असल्याचे आणि कापड वॉटरप्रूफ असल्याचे सांगितले. मांडलेली प्रत्येक सॅक कागदाच्या बोळ्यांनी इतकी टम्म भरलेली होती, की ती खरोखरच अवाढव्य दिसत होती. बोळे काढून आत काही वजन घालून पाठीवर घेऊन पाहू द्या, ही आमची विनंती ‘माल मळतो’ या कारणाने नाकारण्यात आली. एवढा नकार मिळाला की पुढचे काही न ऐकता तेथून निघावे, असे मी ओळखीच्या सर्वांना सांगतो.

निघण्याच्या आदल्या रात्री सामान भरायला बसलो, तेव्हा स्लीपिंग बॅग, ताडपत्री आणि एक भांडे आत गेल्यावर शिधा ठेवायला जागाच उरली नाही. तोरणमाळ समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच असून डिसेंबरातली तेथील थंडी अंगावरच्या स्वेटरने भागणारी नसते, त्यामुळे अंथरूण-पांघरूण कमी करणे शक्य नव्हते. अखेर स्लीपिंग बॅगा बाहेरून बांधाव्या लागल्या, त्या पहाटेच्या दवाने ओलसर झाल्या आणि दुसरी रात्र आम्ही शब्दशः कुडकुडत काढली.

परत आल्यावर सॅक मोजली. सॅकचे आकारमान ठरवण्याच्या प्रमाणित पद्धतीत तिच्यात सुमारे 20 मिलिमीटर व्यासाचे प्लॅस्टिकचे गोळे भरतात आणि मग ते मापाच्या भांड्यात ओतून लिटर काढतात. घरी त्यासाठी मुरमुरे उत्तम, कारण ते हलके असतात, कोपऱ्यात शिरतात आणि खान्देशात कोणत्याही भडभुंज्याकडे पोत्याने मिळतात. लिटरच्या रेषा असलेल्या दहा लिटरच्या बादलीने मोजले तेव्हा मुख्य कप्पा, वरचे झाकण आणि पुढचा खिसा मिळून साडेचार बादल्यांत सॅक तुडुंब भरली. म्हणजे 75 लिटर छापलेल्या सॅकची खरी क्षमता 45 लिटर होती.

मुरमुरे दुकानात नेता येत नाहीत, पण शिंप्याची टेप नेता येते. उंची, रुंदी आणि खोली सेंटिमीटरमध्ये मोजून गुणाकार करावा आणि हजाराने भागावे. आमच्या सॅकचा मुख्य कप्पा 62 × 30 × 20 सेंटिमीटर, म्हणजे सुमारे 37 लिटरचा भरला. सॅकचा कप्पा काटकोनी पेटी नसल्याने हा हिशेब थोडा इकडेतिकडे होतो, परंतु 37 चे 75 होत नाहीत. 30 × 20 च्या तळावर 75 लिटर बसवायचे असतील, तर सॅक सव्वा मीटर उंच लागेल, आणि ती घालून चालणाऱ्याला मान वळवता येणार नाही.

सेल उठण्यापूर्वी आम्ही तेथे पुन्हा गेलो, तेव्हा विक्रेत्याने 75 म्हणजे ‘60 अधिक 15’ असा खुलासा केला. अशी मापे खरी असतात, हे येथे सांगायला हवे, कारण त्यांचाच आधार घेऊन गिऱ्हाइकाला गप्प केले जाते. ‘50+10’ याचा अर्थ मूळ कप्पा 50 लिटरचा आणि त्याच्या तोंडाशी असलेली कापडी कॉलर वर ओढली, की आणखी 10 लिटरची जागा. आमच्या सॅकला ओढण्यासारखी कॉलरच नव्हती. त्याने बाजूच्या बाटलीच्या जाळ्या आणि बाहेर बांधायचे पट्टे मोजले होते. मग पाठीवर टांगलेला तवाही लिटरमध्ये धरायला हरकत नव्हती.

लिटरच्या खोटेपणापेक्षा मला ‘सर्वांना बसते’ हे वाक्य अधिक घातक वाटते, कारण सॅकचे खरे माप लिटरचे नसून पाठीचे असते. मान खाली वाकवली की मानेच्या तळाशी जो ठळक मणका हाताला लागतो, तेथून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेपर्यंत पाठीच्या कण्यावरून टेपने मोजावे. ही लांबी मोठ्या माणसांत साधारण 40 ते 53 सेंटिमीटरच्या दरम्यान असते आणि तिचा माणसाच्या एकूण उंचीशी नेमका मेळ असतोच असे नाही. माझा भाचा माझ्याहून चांगला उंच आहे, तरी आमच्या दोघांच्या पाठीच्या मापात किरकोळ फरक निघाला. सॅकचा कंबरपट्टा कमरेच्या हाडांवर बसला, तरच वजनाचा मोठा वाटा कमरेवर येतो. तो पोटावर बसला, तर सगळा भार खांद्यांवर पडतो आणि श्वासही कोंडतो. आमच्या सॅकचा ‘कंबरपट्टा’ म्हणजे दोन बोटे रुंद नुसती नाडी होती. तिच्यावर कोणताही भार येणे शक्यच नव्हते. खांद्याच्या पट्ट्याची शिवण चढावरच उसवली, तेव्हा पाठीमागचे अस्तर उघडे पडले आणि ‘ॲल्युमिनियमची फ्रेम’ दिसली : फोममध्ये गुंडाळलेला पुठ्ठा. तो दवाने मऊ झाल्यावर सॅक वांग्यांच्या पोत्यासारखी पाठीवर लोंबू लागली.

वॉटरप्रूफपणाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. कापडावर लेप असला, तरी शिवणीतून आणि चेनमधून पाणी शिरतेच. आत जाड प्लॅस्टिकची मोठी पिशवी घालून सामान भरावे, ती खताच्या पिशवीच्या आतल्या अस्तराची नसावी इतकेच पाहावे.

खरे तर आम्हाला 75 लिटर लागतच नव्हते. लळिंगचा किल्ला किंवा पाटणादेवी परिसरातील एका दिवसाच्या भटकंतीला 20 ते 25 लिटर पुरतात. उन्हाळ्यात चार-पाच लिटर पाणी बरोबर घ्यायचे तर 30 लिटरची सॅक सोयीची. एका रात्रीसाठी सुमारे 40 आणि हिवाळ्यातल्या दोन-तीन रात्रींसाठी 50 ते 60 लिटर ठीक. बुशक्राफ्टची, म्हणजे मोजक्या अवजारांनिशी रानातल्याच साधनांवर राहण्याची, हौस असलेल्यांना कुऱ्हाड, करवत, भांडी यांसाठी मोठी सॅक लागते, असे समजून अनेक जण फसतात. ही अवजारे जागा कमी आणि वजन जास्त घेतात, म्हणून त्यांना अधिक लिटरऐवजी मजबूत कंबरपट्टा लागतो. शिवाय यावल किंवा गौताळा यांसारख्या अभयारण्यात परवानगीशिवाय मुक्काम करता येत नाही, आणि वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मधील शस्त्राच्या व्याख्येत चाकूही येतो. भरलेल्या सॅकचे वजन स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाच्या आसपास ठेवावे. मोठी सॅक रिकामी राहत नाही, घरातली मंडळी तिच्यात शेवटच्या क्षणी शेवेचा डबा कोंबतातच.

पैसे परत मिळालेले नाहीत. आमच्याकडे ‘बॅग – 2’ एवढेच लिहिलेली कच्ची पावती होती, तिच्यावर ना पत्ता ना जीएसटी क्रमांक, आणि यूपीआयच्या नोंदीत फलकाशी संबंध नसलेल्या भलत्याच व्यक्तीचे नाव होते. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 नुसार बिल न देणे आणि सदोष माल परत घेण्यास नकार देणे या दोन्ही गोष्टी अनुचित व्यापारी प्रथेत मोडतात. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्यास शुल्क नाही, तक्रारदार स्वतः राहतो त्या जिल्ह्यात ती करता येते आणि त्यासाठी दोन वर्षांची मुदत असते. मात्र समोरच्या पक्षाचे नाव-पत्ता लागतो. आम्ही 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आहे आणि सभागृह कोणाच्या नावे भाड्याने घेतले होते, याची माहिती कार्यालयाच्या व्यवस्थापनाकडे लेखी मागितली आहे.

त्यानंतर याच धर्तीचा सेल वेगळ्या नावाच्या फलकाखाली भुसावळात लागल्याचे एका परिचिताने कळवले. त्याने पाठवलेल्या छायाचित्रातल्या सॅकवर ‘90 लिटर’ छापलेले आहे, आकार आमच्याच सॅकचा दिसतो, आणि किमतीच्या चिठ्ठीवर उत्पादकाचे किंवा आयातदाराचे नाव, पत्ता, उत्पादनाचा महिना, तक्रारीसाठी क्रमांक यांपैकी काहीही नाही.