'सेन्सरी-फ्रेंडली' ताडोबा पॅकेज : पैसे कुठे अडकतात

ऑटिझम किंवा एडीएचडी (लक्ष टिकवणं, शांत बसणं अवघड जाणं) असलेली, घरीच शिकणारी मुलं घेऊन नागपूरहून ताडोब्याला निघायचं ठरवलं की आईवडील एजंटला पहिल्याच फोनवर सगळं सांगून टाकतात. मोठा आवाज सहन होत नाही, अनोळखी माणसं चालत नाहीत, जेवण वेळेवरच लागतं. फसवणारा तीच यादी 'सेन्सरी-फ्रेंडली', म्हणजे आवाज-गर्दीचा त्रास होणाऱ्या मुलांना सोयीचं, पॅकेज म्हणून परत ऐकवतो : "ताई, टेन्शन घेऊ नका. शांत खोली, वेगळी जिप्सी (सफारीची उघडी गाडी), सोबत स्पेशल एज्युकेटर. फक्त अर्धे पैसे आजच टाका." मुलाला इतकं समजून घेणारं कोणी एरवी भेटत नाही, म्हणूनच लोक पैसे टाकतात.

फसवणुकीची पहिली खूण वाराची. शाळेची सुट्टी बघायची नसल्यामुळे ही कुटुंबं गर्दी टाळून मधले वार मागतात आणि एजंट बिनदिक्कत मंगळवार देतो. मंगळवारी ताडोब्याचा कोअर, म्हणजे जंगलाचा आतला मुख्य भाग, बंद असतो. पावसाळ्यात, 1 जुलै ते 30 सप्टेंबर, तर बंदच. कोअरमध्ये मोबाइल नेता येत नाही, तरी "डॉक्टरांचं पत्र दाखवू" असं सांगितलं जातं. त्यावर विसंबू नका. तोंडाने न बोलता टॅबवरची चित्रं दाबून बोलणाऱ्या मुलासाठी छापील चित्रकार्डं सोबत घ्या. सफारीत गाडीतून उतरताही येत नाही, म्हणून त्याला काय हवं ते गाडीतच सांगता आलं पाहिजे.

जिप्सीत सहा पर्यटक बसतात. वेगळी जिप्सी म्हणजे अख्ख्या गाडीचं बुकिंग. ते वन विभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरून स्वतः करा. त्यात प्रत्येकाचं नाव आणि ओळखपत्राचा तपशील भरावा लागतो. व्हॉट्सॲपवर आलेला परमिटचा फोटो पुरावा धरू नका, जुन्या परमिटवर नावं बदलणं फार सोपं आहे.

खोलीच्या बाबतीत 'सेन्सरी-फ्रेंडली' या शब्दाला काहीच अर्थ नाही, मोजता येईल तेच विचारा. जनरेटर खोलीपासून किती लांब आहे? त्या तारखेला लॉनवर लग्न आहे का? साधा वरण-भात संध्याकाळी सातला मिळेल का, की बुफे सुरू होईपर्यंत थांबायचं? रात्री आठ वाजता त्याच खोलीतून काढलेला एक मिनिटाचा व्हिडिओ आवाजासकट मागवा. खोली खरंच असेल तर याला पाच मिनिटं लागतात. टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा.

सगळ्यात जास्त पैसे मात्र खऱ्या रिसॉर्टमध्येच बुडतात, ते रद्द करण्याच्या अटीमुळे. निघायच्या सकाळी मूल गाडीत बसायलाच तयार होत नाही, हे या घरांत होतंच, आणि एजंटला ते पक्कं माहीत असतं. तारीख एकदा बदलून मिळेल, हे आगाऊ रक्कम देण्याआधी लेखी घ्या.

रेल्वे सवलत काढून देतो म्हणून वेगळे पैसे मागितले तर देऊ नका. थ्री-एसीतली 75 टक्के सवलत बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या, सोबतीशिवाय प्रवास करू न शकणाऱ्या प्रवाशाला आणि त्याच्या एका सोबत्याला असते. नुसत्या एडीएचडीच्या चिठ्ठीवर ती मिळत नाही.

'रिफंड'साठी क्यूआर आला तर स्कॅन करू नका. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही. पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन करा, 12 अंकी यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा नंबर) हाताशी ठेवा, चॅट पुसू नका. रिसॉर्ट खरं निघालं पण ठरलेलं दिलं नाही, तर ग्राहक हेल्पलाइन 1915.