'बायबॅक'च्या नावाखाली चकलीचं मशीन गळ्यात मारतात, सावध राहा

आईच्या भाजणीच्या चकलीला मिरजेत गिऱ्हाईक बांधलेलं आहे. वहिनी तळते, दादा दुकानांना माल पोचवतो, हिशेब माझ्याकडे. सोऱ्यावर दिवाळीची मागणी पुरी होईना, म्हणून मशीन बघायला लागलो. तेव्हा एका कंपनीची ही 'बायबॅक' योजना समोर आली: मशीन आमच्याकडून घ्या, होईल तेवढी चकली आम्हीच उचलू.

मशीनचे 1 लाख 40 हजार घेतले. स्टॅम्पपेपरवर करार झाला. पहिला माल त्यांनी उचलला, पैसेही चोख दिले. माणसाचा विश्वास बसतो तो इथेच. पुढच्या खेपेला त्यांचा माणूस आला, एक चकली मोडून उजेडात धरली आणि 'ओलावा आहे' म्हणून सगळा माल नाकारला. ओलावा मोजायचं कुठलंही साधन त्याच्याकडे नव्हतं. आईने त्याच्यासमोर दुसरी चकली मोडली, कटकन तुटली. त्याने करारातल्या एका ओळीवर बोट ठेवलं: 'कंपनीने मंजूर केलेल्या दर्जाचाच माल घेतला जाईल.' ओलावा किती टक्के चालेल, तपासणार कोण, एका शब्दाने लिहिलेलं नाही. सगळी फसवणूक त्या एका ओळीत आहे. पुढे फोन बंद, गाळ्याला कुलूप.

तसंच मशीन बाजारात निम्म्या भावात मिळतं. म्हणजे पहिल्या मालाचे पैसे त्यांनी आमच्याच पैशातून दिले!

'सबसिडी काढून देतो' म्हणून वेगळे पैसेही उकळले. केंद्राच्या सूक्ष्म अन्न प्रक्रिया योजनेत 35 टक्के, जास्तीत जास्त 10 लाख अनुदान खरंच आहे, पण ते बँकेच्या कर्जाला जोडलेलं असतं. रोखीने घेतलेल्या मशीनवर मिळत नाही. योजना आता चालू आहे का, ही चौकशी थेट कृषी विभागात करा.

पोलिसांनी 'दिवाणी बाब' म्हणून हात झटकले. आम्ही जिल्हा ग्राहक आयोगात गेलो आहोत. धंद्यासाठी घेतलं म्हणजे तुम्ही ग्राहक नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू व्यापारी हेतूची धरत नाहीत. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर माहिती मिळते. बिल, करार, व्हॉट्सअॅपवरचं बोलणं, यातलं काहीही पुसू नका.