सोलापुरातला पामवाल्यांचा ग्रुप : माझे दोन फॉक्सटेल यांच्यामुळे वाचले

जुळे सोलापुरात घर बांधलं तेव्हा गेटपाशी दोन फॉक्सटेल पाम (कोल्ह्याच्या शेपटीसारख्या झुपकेदार झावळ्यांची झाडं) लावलेले. दुसऱ्या उन्हाळ्यात खालच्या झावळ्या पिवळ्या पडायला लागल्या, त्यावर नारिंगी ठिपके, आणि माळी दर महिन्याला "साफ करतो" म्हणून त्या कापत राहिला, शेवटी शेंड्याला चारच झावळ्या उरल्या. मग शेजारच्या काकांनी पामची झाडं लावणाऱ्यांच्या या ग्रुपमध्ये नेलं. महिन्यातून एका रविवारी सकाळी कुणाच्या तरी बागेत जमतात, फी वगैरे काही नाही.

पहिल्याच दिवशी एका काकूंनी माझ्या मोबाइलमधला फोटो मोठा करून बघितला आणि म्हणाल्या, पोटॅश कमी पडलंय, झाड जुन्या झावळीतलं पोटॅश ओढून नव्या पानाला देतंय, तुम्ही तीच कापताय! पूर्ण वाळल्याशिवाय कात्री लावायची नाही. आणि फॉक्सटेलसारख्या एका खोडाच्या पामला शेंडा एकच असतो, तो गेला की झाड गेलं, आंब्यासारखी बाजूने फूट येत नाही. हे मला आजवर एकाही नर्सरीवाल्याने सांगितलं नव्हतं.

आपल्या काळ्या मातीचंही त्यांनी नीट समजावलं, पाणी धरून ठेवते म्हणून मुळं कुजतात, त्यामुळे खड्ड्यात मुरूम आणि शेणखत मिसळायचं, आणि रोज तांब्याभर ओतण्यापेक्षा आठवड्यातून दोनदा भरपूर पाणी द्यायचं. नळाला रोज पाणी येत नाही त्या आपल्या गावात हे लई उपयोगाचं.

मला सगळ्यात आवडलं ते बियांचं. झिपलॉक पिशवीत ओलसर कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), त्यात फॉक्सटेलच्या बिया, तीन महिने फ्रिजवर ठेवलेली पिशवी आमच्यासमोर उघडली तर एका बीतून बोटाएवढं पांढरं मूळ बाहेर आलेलं, सगळे वाकून बघत होते, लहान पोरंसुद्धा.

तक्रार एकच, बिस्मार्किया, बॉटल पाम अशा परदेशी पामांवर तासभर बोलतात आणि आपल्या ओढ्याकाठची शिंदी, ताड दहा मिनिटांत उरकतात. चव्वेचाळीस डिग्रीत विनापाण्याची उभी राहणारी झाडं ती, त्यांच्या बिया पण वाटायला पाहिजेत. आणि एप्रिल-मेमध्ये नऊला नाही, सातला सुरू करा, नऊनंतर उन्हात उभं राहवत नाही.

माझ्या दोन्ही फॉक्सटेलना आता आठ-आठ झावळ्या आहेत. जाणार असाल तर आजारी झावळीचा फोटो आणि घरची मूठभर माती सोबत न्या, माती हातात घेऊन बघतात ते.