इंदूरचा छोटा प्लॉट: जुना कडुलिंब राखावा की तोडून नवा लावावा?

३०×५० फुटांच्या प्लॉटवर कडुलिंब समोरच्या मार्जिनमध्ये, म्हणजे घरापुढे सोडायच्या मोकळ्या जागेत असेल तर तो राखाच. छातीच्या उंचीवर खोडाचा व्यास मोजून १२ ने गुणा, तेवढ्या त्रिज्येतली मुळं जपायची. ४० सेंटिमीटर खोडाला ४.८ मीटर. इतकी जागा इथे चहूबाजूंनी मिळत नाही. एका बाजूने तडजोड चालते, पण दोन बाजूंनी मुळं तोडली तर वादळात झाड कलण्याची भीती असते. पत्र्याचं कुंपण खोदकामाआधीच घाला. बांधकामात झाडाचा घात करतात ते बुंध्याशी टाकलेला मुरूम आणि मिक्सर धुतलेलं पाणी. १५ सेंटिमीटर भरावही मुळांची हवा कोंडतो, आणि शेंडा वाळायला कधी दोन वर्षं लागतात.

काळ्या मातीचा प्रश्न दोन्हीकडे आहे. झाड ओल ओढतं, माती आकसते, उथळ पायाच्या भिंतीला तिरपी भेग पडते. झाड तोडलं तर तीच माती पाणी पिऊन फुगते आणि फरशी उचलते. म्हणून तोडल्यावर पाया घेण्याआधी निदान एक पावसाळा जाऊ द्या. दोन्ही बाबतीत साधारण ३.५ मीटर खोल अंडर-रीम्ड पाइल (खाली फुगीर केलेले, जमिनीत ओतलेले काँक्रीटचे खांब) बरे.

झाड मधोमध असेल तर मात्र बदलीच. आधी मध्य प्रदेशच्या २००१ च्या नगरीय वृक्ष कायद्याखाली वृक्ष अधिकाऱ्याची परवानगी घ्या. रोप ६ ते ८ फुटी, खड्डा १ मीटरचा. पिशवीत गोल फिरलेली मुळं कापून मगच लावा, नाहीतर ती पुढे बुंध्यालाच आवळतात. पहिले दोन उन्हाळे पाणी चुकवू नका.