दात येताना: टीदर की ओलं फडकं?

बाळ सहा महिन्यांचं, लाळ गळतेय, हाती येईल ते चावतंय. वहिनी विचारते, टीदर (बाळाला चावायचं खेळणं) घेऊ की फडकं पुरे?

खर्चात फडकं जिंकतं. धुतलेलं सुती कापड भिजवून, पिळून फ्रिजमध्ये ठेवायचं. फ्रीजरमध्ये नको, गोठलेली वस्तू हिरड्यांना दुखावते, टीदरही त्याला अपवाद नाही. पण फडक्याचा गारवा लवकर जातो, आणि दर वेळी धुवा.

अखंड सिलिकॉनचा टीदर टिकतो, बाळाला धरायला सोपा. चिरला की फेकायचा. आत पाणी भरलेला घेऊच नका, फुटतो. (हिरड्या बधिर करणारं बेंझोकेनचं जेल? दोन वर्षांखाली मुळीच नाही.)

मांडीवर बाळ असेल तर फडकं; प्रवासात टीदर.