ट्रेलर दणकट, अर्थिंग बेक्कार

परवा रात्री मांजरसुंब्याचा घाट उतरताना मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवून वाजवून आम्हाला बाजूला घ्यायला लावलं. "काका, मागं लाइटच नाही तुमच्या!" पोराला ब्रेक दाबायला सांगितला, तर ट्रेलरचे इंडिकेटरसकट सगळेच दिवे मिणमिणायला लागले. म्हणून या ट्रेलरचा हा रिव्ह्यू लिहितोय.

टेम्पो ट्रॅव्हलरची कॅम्पर आणि मागे ट्रेलरवर साइड व्हीलच्या दोन स्कूटरी, असा आमचा संसार. मला आणि मेव्हण्याला, दोघांनाही लहानपणी पोलिओ झालेला. तुळजापूर असो की वेरूळ, कॅम्पर लावली की पुढं स्कूटरच लागते. लातुरात लोक म्हणतात, स्कूटर चालवतच न्या की! अहो, समृद्धीवर दुचाकी-तीनचाकीला बंदी आहे. जालन्यावरून शिर्डी गाठायची तर ती ट्रेलरवरच चढवावी लागते.

आता ती अर्थ, म्हणजे करंट परत जायची वाट. गाडीची वायरिंग ट्रेलरला जोडणाऱ्या सात पिनच्या प्लगात अर्थची पिन असते, ती ट्रेलर बनवणाऱ्या बाबानं रिकामीच सोडलेली. अर्थ मिळायची ती हिचच्या, म्हणजे गाडीला ट्रेलर अडकवायच्या जोडाच्या, गोळ्यातून. त्या गोळ्याला ग्रीस लावत जा, हेही त्यानंच सांगितलेलं! ग्रीस आणि गंज मिळून कॉन्टॅक्ट गेला. करंटला परतायला वाट नाही, मग तो दुसऱ्या बल्बांतून घुसतो आणि ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो. फोन केला तर म्हणे, "पावसाचं पाणी गेलं असेल, बल्ब बदला." बल्ब कधीच बदलून झालेत. मग म्हणे, वर्कशॉपला आणा, चार्ज लागेल. चार्ज? ट्रेलरला पाऊण लाख मोजलेत, आणि तुम्ही चार हात वायर वाचवली!

शेवटी बीडच्या एका ऑटो इलेक्ट्रिशियननं प्रत्येक दिव्यापासून प्लगच्या अर्थ पिनपर्यंत वेगळी वायर ओढली. अडीचशे रुपये. तेव्हापासून दिवे लख्ख.

दोन स्टार द्यायचं ठरवलं होतं. पण खरं सांगायचं तर बाकी काम चोख आहे. रॅम्प दोन पट्ट्यांचा नाही, अख्ख्या पत्र्याचा. साइड व्हीलच्या स्कूटरला मधलं चाक आणि बाजूची दोन अशा तीन रेघा लागतात, पट्ट्यांवर ती चढतच नाही. बेल्टचे हूकही योग्य जागी आहेत. पुढचा शॉकअप थोडा दबेल इतपत आवळायचा आणि वीस-पंचवीस किलोमीटरवर थांबून पुन्हा ताणायचा, कारण बेल्ट सैल पडतोच. स्कूटरी पुढं सरकवून वजनाचा दहा-पंधरा टक्के भार हिचवर ठेवला की ट्रेलर सरळ येतो. पाण्याचे ड्रम मागच्या टोकाला ठेवले की साठच्या पुढं शेपूट हलवायला लागतो.

अ‍ॅव्हरेज दीड-दोननं पडलं. रिव्हर्सचं विचारूच नका, ट्रेलर सोडून पोरगं हातानं ढकलतं.

तीन स्टार. अडीचशेची पावती त्याला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलीय. निळ्या टिका आल्यात, पैसे नाहीत. आले की चौथा देतो.